आधी शिंकून दाखवा

माणसाची नियत त्याच्या नाकात असते, हा शोध जगात एकाच माणसाने लावला आणि माझं नशीब असं की तो माणूस नेमका माझा मामेसासरा निघाला. बाकीचे लोक माणूस पारखताना डोळे बघतात, चपला बघतात, फारच मुरलेले असतील तर तो पंगतीत भाताचा ढीग कुठून फोडतो ते बघतात. मामाजी नाक बघायचे. आम्ही मुलगी बघायला गेलो त्या दिवशी मी नवा सदरा घालून, पोट आत ओढून, शक्य तेवढा विद्वान दिसत बसलो होतो. मामाजी आले, माझ्या समोरची खुर्ची ओढून इतके जवळ बसले की त्यांच्या खिशातल्या पेनाची टोपी माझ्या छातीला टोचली, आणि दोन्ही नाकपुड्यांत विहिरीत वाकून पाहावं तसं पाहून स्वतःच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूबाईंना, सगळ्यांदेखत म्हणाले, "पोरगा बरा हाये बाई. नाकाचं हाड जरासं डावीकडे गेलं हाये, पन मनानं सरळ दिसते." एवढ्या शिफारशीवर माझं लग्न ठरलं. माझ्या पदव्यांविषयी कोणी विचारलंच नाही.

मामाजींचं मेडिकल सालेकसा तालुक्यात, दरेकशाच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात होतं. एका बाजूला सायकलवाला, दुसऱ्या बाजूला चहाची टपरी, मध्ये मामाजी. अंगात पांढरा कोट, जो त्यांनी डॉक्टर दिसण्यासाठी नव्हे तर 'गोळ्याइले मान द्याले पायजे' म्हणून शिवून घेतला होता. या माणसाला कुठल्याही गोष्टीचा उत्साह चढायचा. खाजेचं नवं मलम आलं तरी ते खोकं असं उघडत, की जणू आत तान्हं बाळ आहे. मग रस्त्याने जाणाऱ्याला थांबवत, "या गा, पाहून तं जा! खाज नसन तरी पाहा!" औषधाबरोबर येणारी बारीक अक्षरांची घडी ते उलगडून मोठ्याने वाचत, आणि दुष्परिणामांच्या भागाशी आले की त्यांचा आवाज चढे, हात वर जाई, चहावाला किटली खाली ठेवून ऐके. त्यांचा मुख्य सिद्धांत म्हणजे प्रत्येक नाकाची गोळी वेगळी. एकाला जी गोळी लागू पडते ती दुसऱ्याच्या नाकाला सासुरवास करते. कचारगडच्या यात्रेला थंडीत आलेली माणसं परतताना शिंकत त्यांच्या दारात उभी राहिली की मामाजी एकेकाचं नाक उजेडाकडे वळवून, जोड्या जुळवणाऱ्या मध्यस्थाच्या गांभीर्याने, ही गोळी याला आणि ती गोळी त्याला असं लावून देत.

त्यांचा दुसरा उत्साह म्हणजे दंडार. आमच्याकडे भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते. एका दिवसाची जत्रा म्हणा. लेकी-जावई येतात, जिलेबी तळली जाते, आणि भरदुपारी बाजारचौकात दंडार उभी राहते. ढोलकी, झांजा, नाच, गाणं, आणि बाईचं सोंग पुरुषाने घ्यायचं. मामाजी ऐन जवानीपासून त्यांच्या गावच्या दंडारीत गवळण होत. हिरवं लुगडं, खोटी वेणी, आणि गवळणीची एक वरची ओळ अशी काही घेत की जिलेबीवाल्याचा झारा कढईतच थांबे. माणूस पन्नाशी ओलांडून पुढे गेला, पोट लुगड्यात मावेना, पण ती ओळ त्यांच्याशिवाय कोणी घ्यायची नाही हे गावाने ठरवून टाकलं होतं. वर्षभर ते गोळ्या विकत ते जणू त्या एका दुपारची वाट बघतच.

असा सगळा सुखाचा कारभार चालू असताना, दोन हजार दहाच्या आगेमागे कधीतरी, सर्दीच्या गोळ्यांवर वरून आदेश आला. गोंदियाला मेडिकलवाल्यांची बैठक झाली. तिथे साहेबांनी सांगितलं की सर्दीच्या काही गोळ्यांत जे द्रव्य असतं ते वेगळं काढून कुठे कुठे नशेचा माल बनवतात. तेव्हा या गोळ्या चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत, आणि कोणी ढीगभर मागायला लागला तर कळवायचं. बाकीच्या दुकानदारांनी हे ऐकलं, समोसा खाल्ला आणि घरी गेले. मामाजींना मात्र साक्षात्कार झाला. ते परतताना बसमध्ये बसलेच नाहीत. गोंदियापासून गावापर्यंत दांडीला धरून उभे राहून साऱ्या बसला ती बातमी सांगत आले. माझी सासुरवाडी त्यांच्याच गावात, आणि मी त्या दिवशी योगायोगाने तिथेच होतो. मला पाहताच रस्त्यातूनच ओरडले, "जवाईबापू! आपल्या गावची सर्दी आता साधी नाई राह्यली!"

त्या संध्याकाळी चहा पिता पिता ते जरा शांत झाले तेव्हा म्हणाले, "इतकी वर्सं म्या मीठ-मिरची विकाव तशा गोळ्या विकल्या. कोनी नाई म्हनलं का तुह्या हातात काई हाये. आज पयल्यांदा सांगतलं. कोनत्या शहरातलं, कोनाचं पोरगं, आपन त्याले कदी पायनार बी नाई. पन तं पोरगं माह्या दुकानच्या गोळीनं मराचं नाई. समजलं का?" मी मान डोलावली. मला वाटलं दोन-चार दिवसांत हा ताप उतरेल. माणसं ओळखण्यात मी किती तरबेज आहे याचा हा एक नमुना.

ताप चढतच गेला. दुकानावर पाटी लागली, 'सर्दी खरी असल्यासच गोळी मिळेल.' चिठ्ठी तर हवीच, पण मामाजींचं म्हणणं, चिठ्ठी खोटी असू शकते, नाक नाही. मग परीक्षा सुरू झाल्या. पहिली, आधी शिंकून दाखवा. दुसरी, दाढीचा आरसा नाकाखाली धरायचा आणि दोन्ही बाजूंना सारखी वाफ धरते का पाहायचं. एका पठ्ठ्याने तपकीर ओढून शिंका काढल्या तर मामाजींनी शिंकेच्या नुसत्या आवाजावरून त्याला परत पाठवला, "ही तंबाखूची शिंक हाये गा, सर्दीची शिंक वली रायते!" आणि तिसरी परीक्षा म्हणजे मोहफुलाची बाटली. वाळलेली मोहफुलं घट्ट बुचाच्या बाटलीत भरून ठेवलेली. बूच काढून गिऱ्हाइकाच्या नाकाखाली धरायची. आमच्या मुलखातल्या माणसाला मोहाचा वास आला आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही, असं होऊ शकत नाही. मोह वेचायला गेलेल्या सकाळी आठवतात, म्हातारबा आठवतो, आणखीही काय काय आठवतं. ओठ आपोआप फाकतात. जो हसला त्याची सर्दी खोटी. गाव हळूहळू असं झालं की खरी सर्दी झालेले लोक दुकान टाळू लागले, आणि ज्यांना काहीच झालेलं नाही ते नुसता वास घ्यायला रांग लावू लागले.

गाव चिडलं, हे सांगायला नकोच. सगळ्यात जास्त चिडली ती शेजारची मोठी माय, मामाजींच्या आईची मैत्रीण, तोंडाने फटकळ. तिला खरंच सर्दी झालेली. मामाजींनी तिच्याही नाकाखाली आरसा धरला.

"अरे मेल्या, तुहा जनम झाला तं तुले म्या धुतलं, आन तू माह्यं नाक तपासून राह्यला?"

"नियम हाये मोठी माय. एक डाव शिंकून दाखव."

"तुह्या तोंडावरच शिंकतो, थांब!"

आणि ती शिंकली. मामाजी रुमालाने तोंड पुसत अत्यंत समाधानाने म्हणाले, "खरी हाये. चिठ्ठी कुठी हाये?" चिठ्ठी नव्हती. गोळी मिळाली नाही. ओव्याची पुरचुंडी आणि वाफेचा सल्ला मिळाला. ती त्या दिवसापासून मामाजींशी बोलेना, आणि तिच्या पाठोपाठ अर्धी आळी. रस्त्याने जाणारी पोरं दुकानासमोर थांबून मुद्दाम "आक्छी!" करून पळत. मामाजी तेवढ्यातही पळणाऱ्याला ओरडून सांगत, "बनावट!"

शिवाय त्यांनी तालुकाभरच्या दुकानदारांना, आमगावपर्यंतच्या, समजावून एक बेत आखून ठेवला होता. कोणी गोड बोलणारा परका माणूस या दुकानातून त्या दुकानात सर्दीच्या गोळ्या गोळा करत फिरताना दिसला की त्याला हाकलायचं नाही. प्रेमाने बसवायचं, चहा द्यायचा, फराळ द्यायचा, आणि गुपचूप फोन करायचा. या बेताची मला काही कल्पना नव्हती. असती तर पुढचं घडलं नसतं. किंवा माझा स्वभाव बघता, तरीही घडलं असतं.

त्या वर्षी मंडईच्या आदल्या दिवशी मी सासुरवाडीला पोचलो तर मामाजींच्या घरी सुतक असल्यासारखी शांतता. मामाजींना सर्दी झाली होती. साधीसुधी नाही, पुरी गच्च. ते बोलायला लागले की रजईखालून मोटारीचा हॉर्न वाजतोय असं वाटे. दुसऱ्या दिवशी दुपारी दंडार, आणि गवळणीची ती वरची ओळ! सासूबाईंनी वाफारे दिले, हळदीचा धूर दिला, ओवा शेकला, लसणाची माळ गळ्यात घातली. नाक काही उघडेना. मी म्हणालो, "मामाजी, अहो दुकान तुमचं. एक गोळी घ्या आणि मोकळे व्हा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी गावच्या देवाला लाथ मारली होती. "चिठ्ठी कोन देनार? डॉक्टर दिवाळीले रायपूरले गेला. दवाखान्यातली सिस्टर म्हनते वाफ घ्या. मोठी मायले नाई देल्ली गोळी, आन माह्या नाकाले देऊ?"

"पण गवळण?"

त्यांनी नुसती लुगड्याची घडी एकदा उलगडून पुन्हा घातली. मला ते बघवेना. जावई म्हणून माझं काही कर्तव्य आहे की नाही? मी मनाशी ठरवलं की मामाजींचा नियम मामाजींच्या दुकानापुरता. बाहेर दुनिया मोठी आहे.

सकाळी उठून मी मेहुण्याची मोटारसायकल घेतली आणि निघालो. धान कापून झालेली शेतं, बांधावर पेंढ्या, अंगाला थंडी, आणि माझ्या डोक्यात एखाद्या मोहिमेवर निघालेल्या सरदाराचा ताठा. मामाजींच्या नाकाला नेमकी कुठली गोळी मानवेल हे मला माहीत नव्हतं, आणि प्रत्येक नाकाची गोळी वेगळी हा सिद्धांत तर त्यांचाच. म्हणून मी प्रत्येक दुकानातून वेगळ्या नावाच्या घ्यायच्या ठरवल्या. चिठ्ठी माझ्याकडे नव्हती, पण जीभ होती. पहिल्या दुकानात सांगितलं बायकोला सर्दी आहे, डॉक्टर गावाला गेलेत. पुढच्या ठिकाणी सासूबाईंना. त्यापुढे मेहुण्याला. सालेकशाला तर बोलण्याच्या भरात साऱ्या घराला सर्दी लावून टाकली. सणाचे दिवस, माणूस गोड बोलतोय, कोणी कुरकुरत तर कोणी हसत एकेक स्ट्रिप दिली. आता आठवतं, प्रत्येक दुकानदार मी पायरी उतरताना फोन उचलत होता. तेव्हा मला वाटलं, धंदा जोरात दिसतो.

आमगावच्या दुकानात तर कमालच झाली. मी तोंड उघडायच्या आत दुकानदार म्हणाला, "आइए आइए, बैठिए! खडे क्यों हो?" खुर्ची आली. पंखा लावला, थंडीत. चहा आला. चिवडा, शंकरपाळे, वर अनारसा. दुकानदार एकसारखा माझ्याकडे बघून हसत होता आणि मी उठायला लागलो की खांद्यावर हात ठेवून बसवत होता, "अरे ऐसे कैसे, एक कप और लो." मंडळी, खरं सांगतो, मला यात काडीचंही वावगं वाटलं नाही. मी जावई होतो. दिवाळीचे दिवस होते. मला वाटलं, मामाजींचं नाव एवढं मोठं, की त्यांच्या भाच-जावयाचा मान आमगावपर्यंत पोचला आहे. मी पाय पसरले. दुसरा अनारसा मागून घेतला. चिवड्यात मीठ जरा कमी आहे असंही बोललो.

तेवढ्यात हवालदार आला. तोही माझ्याकडे बघून हसला, माझी पिशवी उचलली, आणि फळीवर उपडी केली. रंगीबेरंगी स्ट्रिपांची रांगोळी झाली.

"एवढी सर्दी कोनाले हाये भाऊ?" हवालदाराने विचारलं.

"घरी," मी म्हणालो.

"घर हाये का दवाखाना?"

माझ्या तोंडातला अनारसा तोंडातच राहिला. दुकानदाराने अभिमानाने सांगितलं की ज्यांनी हा सापळा लावला ते साहेब स्वतः ओळख पटवायला निघाले आहेत. आणि आले. मोटारसायकलच्या मागे बसून, हिरवं लुगडं नेसून, अर्ध्या चेहऱ्याला रंग लावून, एका खांद्यावर खोटी वेणी, लुगड्यावर पांढरा कोट आणि हातात मोहफुलाची बाटली. टोळीचा म्होरक्या सापडला म्हणून सजणं अर्धवट टाकून धावत आले होते. डोळे असे चमकत होते की नशेचा माल बनवणाऱ्या साऱ्या टोळ्या आता त्यांची लुगडी धुवायला लागतील.

"कुठी हाये त्यो?" त्या चोंदलेल्या आवाजात त्यांनी गर्जना केली. दुकानदाराने माझ्याकडे बोट दाखवलं.

मी हात जोडले. एका हातात अनारसा होता.

हवालदार म्हणाला, "ओळखता का याले?"

मामाजींच्या रंगवलेल्या आणि न रंगवलेल्या अशा दोन्ही गालांवर काय काय येऊन गेलं ते मी सांगू शकत नाही. दिवाळीत आलेला जावई, बहिणीचा जावई! बहिणीला कळलं तर पुढच्या भाऊबिजेला ओवाळेल का, हा विचार त्यांच्या कपाळावर लिहिलेला मला दिसला. पण ते म्हणाले, "ओळखतो. माह्या भाचीचा नवरा हाये. तरी बी तपासा." आणि स्वतःच बूच काढून बाटली माझ्या नाकाखाली धरली. मी निकराने चेहरा दगडासारखा केला. पण मोहाचा तो गोड, आंबट वास आत गेला आणि अशा प्रसंगीही माझे ओठ फाकले.

"हासला," हवालदार म्हणाला.

"बनावट," मामाजी खचून म्हणाले. "कायले असं केलं जवाईबापू? काऊन?"

मग माझ्याने राहवेना. "तुमच्यासाठी हो मामाजी! दुपारी तुम्हाला ती ओळ घ्यायची आहे. तुम्ही स्वतःच्या दुकानातली गोळी घेणार नाही म्हणून मी दुसऱ्यांची आणत होतो. कुठली लागू पडेल माहीत नव्हतं, म्हणून सगळ्या!"

हवालदाराने मामाजींच्या हातातून बाटली घेतली आणि त्यांच्याच नाकाखाली धरली. मामाजींनी श्वास ओढला. काही नाही. डोळे मिटून पुन्हा ओढला. काही नाही. त्यांनीच भरलेली बाटली, त्यांच्याच जंगलातली फुलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक सुरकुतीसुद्धा हलली नाही.

हवालदार हळूच म्हणाला, "सर्दी खरी हाये बापा. घ्या एखादी. म्या काई पाह्यलं नाई." आणि खरोखरच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून उभा राहिला.

मामाजींनी त्यातली एक स्ट्रिप उचलली. अचूक उचलली. त्यांच्या नाकाला कुठली गोळी लागू आहे हे त्यांना ठाऊक असणारच. ती बोटांत फिरवली. मला वाटलं, घेतली. पण ते म्हणाले, "चिठ्ठी नाई ना," आणि ती परत ढिगात ठेवली.

मग परतताना त्यांनी मला प्रत्येक दुकानात थांबवून प्रत्येक स्ट्रिप परत करायला लावली. लुगडं नेसलेला माणूस मागच्या सीटवर, आणि दुकानादुकानात माफी मागणारा मी. सालेकशाच्या पुढे रस्ता जरा मोकळा लागला तेव्हा मागून चोंदलेला आवाज आला, "माह्यासाठी गेले होते?" मी म्हणालो, "हो." मागून एक खरीखुरी शिंक आली. मग, "अनारसा चांगला होता का?"

दुपारी बाजारचौक भरला. मामाजी उभे राहिले. ढोलकी लागली, झांजा लागल्या. गवळण सुरू झाली आणि खालचे सूर कसेबसे निघाले, पण लोक एकमेकांना कोपराने ढोसायला लागले. मागून कोणीतरी "आक्छी!" केलं. हशा पिकला. मी मान खाली घातली. आणि ती वरची ओळ आली. मामाजींनी हात उंचावला, तोंड उघडलं, आणि आवाज नाकाशी जाऊन अडकला. नुसतं हंऽऽ असं काहीतरी निघालं आणि विझलं. ढोलकीवाला त्या जागेवरच घुमवत राहिला. मामाजी हात तसाच वर धरून उभे.

तेव्हा समोरच्या रांगेतून एक फाटका, म्हातारा, पण नेमक्या सुरात आवाज आला. मोठी माय. बसल्या बसल्या, पदर सावरत, त्यांच्याकडे न बघता तिने ती ओळ उचलली. मग तिच्या शेजारची. मग जिलेबीवाला, सायकलवाला, आणि पाठीमागे "आक्छी" करणारा तो कार्टाही. इतकी वर्षं ऐकून ऐकून ती ओळ साऱ्या गावाला पाठ होती, फक्त ती घ्यायची कोणाची हिंमत नव्हती. अख्खा चौक गात होता आणि मधोमध मामाजी नाचत होते. असे नाचले, असे नाचले की वेणी उडून जिलेबीच्या परातीजवळ पडली! गाल रंगाने आणि पाण्याने ओले. सर्दीत डोळ्यांतून पाणी येतंच, असं त्यांनी नंतर मला शास्त्रोक्त समजावून सांगितलं. दंडार संपल्यावर मोठी माय त्यांच्यापाशी आली आणि म्हणाली, "आता तरी समजलं का मेल्या, खरी सर्दी कशी असते?" मामाजी म्हणाले, "समजलं. चिठ्ठी आन, गोळी देतो."

पुढे त्या गोळ्यांतलं ते द्रव्यच बदललं म्हणतात, नवी नावं आली, आणि कोणाला फारसं काही विचारायची गरज उरली नाही. पाटी मात्र मामाजींनी शेवटपर्यंत काढली नाही. ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. दुकानाच्या जागी मोबाइलवाला बसतो. मंडईला मी अजून जातो. ती ओळ आता एकटं कोणीच घेत नाही. ती आली की चौक घेतो.

बाटली मामींनी माझ्याकडे दिली. "तुमालेच हासू आलं होतं ना," म्हणाल्या. मी ती गोंदियाच्या घरी कपाटात ठेवली आहे. परवा मला सर्दी झाली. मेडिकलमधल्या मुलाने मान वर न करता गोळ्या पिशवीत टाकल्या, माझ्या नाकाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. घरी येऊन मी बाटलीचं बूच काढलं, डोळे मिटले, श्वास ओढला. काहीच वास आला नाही. आता सर्दी खरी होती की फुलंच जुनी झाली, ते सांगणारं कोणी नव्हतं. मी बूच घट्ट लावलं आणि उगीचच एकदा मोठ्याने शिंकून पाहिलं.